तीन तारांच्या जुन्या डबल बेसवर तात: जाडी किती, स्वर कुठले, आणि पावसाळ्यात काय करायचं?

वेंगुर्ला_खर्ज:

नमस्कार मंडळी. एक जुना डबल बेस (व्हायोलिनसारखं, पण उभं धरून वाजवायचं मोठं खर्जाचं वाद्य) वाजता करायचा आहे. खुंट्या तीनच. डोक्यात चौथ्या खुंटीचं भोक बुजवल्याची खूण दिसत नाही, मानही अरुंद आहे, म्हणजे मुळातच तीन तारांचा असावा. आत लेबल नाही. नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) ते घोडी अंतर १०४ सें.मी. सध्या त्यावर चार तारांच्या स्टील सेटमधल्या ए, डी, जी अशा तीन तारा चढवलेल्या आहेत. आवाज मोठा आहे पण टोकदार, आणि गज उचलल्यावर घुमत राहतो. जलद चालीत एक स्वर दुसऱ्यात मिसळतो.

तबली (वाद्याची पुढची फळी) बेसबारच्या (तिला आतून चिकटवलेल्या लांब पट्टीच्या) बाजूला, घोडीच्या पायाशी दबलेली आहे. सरळ पट्टी आडवी धरून मोजलं तर दुसऱ्या बाजूपेक्षा साधारण ३ मि.मी. खाली.

स्टील काढून तात, म्हणजे आतड्याची पिळलेली तार, लावायचा विचार आहे. प्रश्न तीन:
१) तिन्ही तातींची जाडी किती घ्यावी?
२) ए-डी-जी लावावं की जी-डी-ए (दोन्ही खालच्या स्वराकडून वर)? दोन्ही वाचायला मिळतं.
३) वाद्य समुद्रापासून फार लांब नाही, घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) आहे. जून ते सप्टेंबर तात टिकेल का?

---

गजकर:

तिसऱ्या प्रश्नाच्याही आधी तबली बघा. ३ मि.मी. दबणं हे नुसतं वय नसतं. बेसबार सुटला असेल, किंवा त्याच्या कडेने तबलीला चीर असेल. एफ-भोकातून (तबलीतल्या एफ-आकाराच्या भोकातून) बारीक एलईडी आत सोडा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा घाला आणि बेसबारचा सांधा दोन्ही टोकांपर्यंत बघा. मग बोटाच्या पेराने तबलीवर हलके टकटक करत बारवरून पुढे सरका. सांधा सुटलेल्या जागी आवाज फाटका येतो. तसं काही आढळलं तर तारा सैल करा आणि तातीचा विषय बाजूला ठेवा, आधी दुरुस्ती. दुरुस्ती गरम सरसानेच. फेविकॉलने चिकटवलेला बार पुढच्या कारागिराला तबली न फाडता काढता येत नाही.

सांधे धड निघाले तर तात लावणं हा त्या तबलीवरचा उपायही आहे. हिशेब बघा. बेसची स्टीलची तार प्रत्येकी २८ ते ३० किलो ताणावर असते. तीन तारांचे झाले ८५-९० किलो. घोडीवरून तार साधारण १५० अंशांत वळते, त्या कोनाला घोडीवर खाली येणारा दाब एकूण ताणाच्या निम्म्याहून किंचित जास्त असतो, म्हणजे इथे ४५ किलोच्या आसपास. तातीच्या तीन तारा मिळून ६० ते ६२ किलो ओढतात, दाब येतो ३२ किलो. तेरा किलो कमी. तीन तारांच्या बऱ्याच जुन्या बेसची तबली हलक्या ताणाच्या हिशेबानेच तासलेली असते.

आता जाडी. कॅटलॉगमधला आकडा डोळे मिटून उचलू नका, कारण तो त्यांच्या लांबीला धरून असतो. साध्या तातीसाठी सूत्र सोपं आहे:

जाडीचा वर्ग (मि.मी.मध्ये) × (लांबी मीटरमध्ये × कंपनसंख्या) याचा वर्ग ÷ २४०० = ताण किलोमध्ये.

ए म्हणजे ५५, डी ७३.४, जी ९८ हर्ट्झ. तुमच्या १.०४ मीटरला:

जी, २.२ मि.मी.: सुमारे २०.९ किलो
डी, २.९ मि.मी.: सुमारे २०.४ किलो
ए, ३.९ मि.मी.: सुमारे २०.७ किलो

हा समान ताणाचा संच. माझं मत विचाराल तर ए इतकी जाड नको. साधी तात ३.९ मि.मी. झाली की ती दोरी कमी आणि काठी जास्त होते. वाकायला नकार देते, त्यामुळे तिचे वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत त्याच्या पटीत निघणारे बारीक स्वर) नेमक्या पटीत बसत नाहीत, थोडे चढे जातात आणि लवकर विझतात. हाती राहतो एक धूसर ठोका. ए ३.७ ठेवा. ताण १८.७ किलोवर येतो, पण हाताला तिन्ही तारा सारख्या लागतात, कारण जाड तारेचा ताठरपणा कमी ताणाची भरपाई करतो. हौशी लोक नेमकं उलटं करतात: आवाज कमी वाटला की जाडी वाढवतात. ४.२ लावली तर २४ किलो ताण येतो आणि स्वर आणखी बोथट होतो.

एक गैरसमज आधीच काढतो. बेसची तात ‘ताणाने तुटेल’ ही भीती व्यर्थ आहे. तात कुठल्या स्वराला तुटेल हे जाडीवर नाही, लांबी गुणिले कंपनसंख्या यावर ठरतं. साध्या तातीची हद्द साधारण २४० ते २६० असते. व्हायोलिनची ई (०.३२५ मी. × ६५९) २१४ वर, म्हणजे कड्याच्या टोकावर. तुमची जी जेमतेम १०२ वर. बेसची तात तुटते ती नटच्या धारेवर कापली जाऊन, किंवा पीळ उसवून.

आवाजाचं म्हणाल, तर तातीत स्वतःचं अंतर्गत घर्षण स्टीलपेक्षा कितीतरी जास्त. वरचे स्वरांश पटकन मरतात, मूळ स्वर आणि त्याचा दुसरा-तिसरा अंश उरतो. बोटाने छेडलं की ‘ठुम्’ असा भरीव ठोका आणि मग आस लगेच ओसरते. तुमची ‘स्वर एकमेकांत मिसळतात’ ही तक्रार इथे आपोआप मिटते. गजाने वाजवताना स्वराच्या तोंडाशी किंचित खरखर येते, व्यंजनासारखी. लांब बसलेल्याला ती ऐकू येत नाही, त्याला फक्त स्वराची सुरुवात स्पष्ट कळते.

बसवण्याच्या पायऱ्या नंतर लिहितो, मोठं प्रकरण आहे.

---

पंचमभाव:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दोन्ही लावण्या खऱ्या आहेत, फक्त प्रदेश वेगळे. इटली आणि इंग्लंडमध्ये मुख्यतः ए-डी-जी, म्हणजे दर दोन तारांत षड्ज-मध्यमाचं अंतर. नामांकित बेसवादक ड्रॅगोनेटी (१७६३-१८४६) १७९४ मध्ये व्हेनिसहून लंडनला गेला तो तीन तारांचाच बेस वाजवणारा. त्याच्यानंतरचा नामांकित बेसवादक बोत्तेसिनी (१८२१-१८८९), त्याचा प्रसिद्ध बेस कार्लो आंतोनियो तेस्तोरेने १७१६ मध्ये बनवलेला, त्यावरही तीनच तारा. फ्रान्समध्ये मात्र जी-डी-ए ही षड्ज-पंचमाची लावणी चालत होती. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेतॉरने (संगीत विद्यालयाने) १८३०च्या दशकात चार तारा स्वीकारल्यावर ती मागे पडली.

मी जी-डी-ए सुचवेन. खाली एक पूर्ण स्वर जास्त मिळतो, आणि पंचमात लावलेलं वाद्य जास्त मोकळं बोलतं, कारण उघड्या तारा एकमेकींच्या स्वरांशांवर झंकारतात. आपल्याकडे भजनाला किंवा वाद्यवृंदाला नुसता खर्ज धरायचा असेल तर जी आणि डी या जोडीने सा-प आपोआप हातात येतो.

---

गजकर:

@पंचमभाव, इतिहास बरोबर, पण जी-डी-ए करायचं तर तातीचा संच पूर्ण बदलतो, हे सांगायला हवं. तेच सूत्र लावा. खालची जी ४९ हर्ट्झ. २०.५ किलो ताण हवा तर साध्या तातीला ४.३५ मि.मी. जाडी लागते. ती वाजत नाही, हलते. म्हणजे खालची तार गुंडाळलेलीच घ्यावी लागणार. वरची ए (११० हर्ट्झ) उलट १.९५ ते २ मि.मी. लागते, त्याला २१-२२ किलो. मधली डी २.९ तशीच राहते.

आणि बोटांचं काय? १०४ सें.मी. लांबीवर पंचमाचं अंतर म्हणजे एका तारेवर सहा अर्धस्वर दाबल्यावर मग पुढची उघडी तार. डावा हात सतत वर-खाली पळणार. मध्यम अंतरात चारच दाबायचे. शिकणारा असेल तर ए-डी-जी.

खालचा मुलूख कमी पडतो हा मुद्दाही तपासून बघा. बेसच्या पोटातल्या हवेचा मुख्य अनुनाद साधारण ६० हर्ट्झच्या आसपास असतो. ए (५५) त्याच्या शेजारी आहे, म्हणून भरून येतो. त्याखाली वाद्य मूळ स्वर फारसा बाहेर फेकतच नाही, वरच्या अंशांवरून कान तो जुळवून घेतो. तीन तारांचे वादक लिहिलेला खालचा स्वर सरळ एक सप्तक वर वाजवत, आणि ते चालून जाई.

---

सारंगीची_तात:

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. सारंगीच्याही मुख्य तीन तारा तातीच्याच असतात, त्यामुळे पावसातली दुखणी तीच, फक्त तुमच्याकडे माप मोठं.

तात दमट हवा शोषते. मग दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पाणी शिरल्याने तार जड होते, म्हणून स्वर उतरायला बघतो. आणि पिळलेली तात फुगली की लांबीला आखडते, म्हणून ताण वाढून स्वर चढायला बघतो. कोण जिंकेल ते पिळावर, जाडीवर आणि तात किती जुनी आहे यावर. म्हणून एकाच वाद्यावर जी चढलेली आणि ए उतरलेली सापडते, आणि वादक खुंट्यांना दोष देतो. भरीस तबलीही फुगते, घोडी वर उचलली जाते, तारांची उंची वाढते. पावसात सगळा फुगता, एकटी तातच नाय.

खरं नुकसान ९० टक्के दमटपणाने होत नाही, रोजच्या वर-खालीने होतं. सकाळी ९५, दुपारी खोलीत एसी लावला की ५५, रात्री पुन्हा ९०. प्रत्येक फेरीत तात थोडी ढिली पडत जाते आणि पीळ उसवतो. एसी तासभर लावून बंद करण्यापेक्षा न लावलेला बरा. डीह्युमिडिफायर असेल तर ६० ते ६५ टक्क्यांवर ठेवा, त्याखाली नको. शेजारी हायग्रोमीटर टांगा, अंदाजावर जाऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या वाद्याला आणि खोलीला पुरत नाहीत. त्या डब्यातल्या सुट्या तातींसाठी ठीक.

चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. वाद्य भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतीला तर अजिबात टेकवून नाही. कापडी खोळ चालेल, रेक्झिनची नको. रेक्झिनच्या आत बुरशी आठवड्यात येते.

तातीची निगा:

साधी तात घेताना वार्निश केलेली घ्या. बिनवार्निशची आवाजाला किंचित मोकळी असते हे खरं, पण ती कोरड्या देशांची चैन आहे. आपल्याकडे ती एका पावसात केसाळते.

केस निघाले तर ओढायचे नाहीत. नेलकटरने मुळाशी कापायचे. एक केस ओढला की तो पिळाबरोबर वीतभर निघतो आणि तिथून पुढे तात बारीक.

तेल: बदामाचं किंवा उकळलेलं अळशीचं, बोटाला लागेल एवढंच, फक्त डाव्या हाताच्या भागात. दहा मिनिटांनी कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्या. गज जिथे फिरतो तिथे तेलाचा थेंबही नको. खोबरेल तर कुठेच नको, घरात कितीही असलं तरी. ते सुकत नाही, खवट होतं, आणि फिंगरबोर्डवरून (तारा दाबायच्या पट्टीवरून) गजाच्या केसांत गेलं की केस राळ (तारेला पकड देणारा चिकट पदार्थ) धरत नाहीत.

आणि तात म्हणजे शेवटी मेंढीचं आतडं. झुरळ, कसर, उंदीर तिघांनाही ती आवडते. सुट्या ताती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वेटोळं निदान २० सें.मी. व्यासाचं. लहान वेटोळ्यात जाड तात मोडल्यासारखी कायमची वाकते.

---

माडाखाली:

तातीचा संच महाग असतो, आणि पहिल्यांदाच घेताना जाडी चुकण्याची भीती असते. आधी नायलॉनवर ताण तपासून घ्या. बागेत गवत कापायच्या ग्रासकटरची लाइन मिळते तीच. मात्र गोल घ्या. चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराची बोटं सोलते. २.४ आणि ३ मि.मी. सहज मिळतात. नायलॉन तातीपेक्षा हलकं असल्याने सूत्रातल्या उत्तराला ०.८८ ने गुणायचं. तुमच्या लांबीवर २.४ ची जी येते सुमारे २२ किलो, ३ ची डी १९ किलो. ए साठी ४ मि.मी. लागेल. मालवणच्या बाजूला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाड तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) मिळतो, तोही चालतो.

परदेशात स्लॅप (तार ओढून फिंगरबोर्डवर आपटत) वाजवणारे बेसवाले हा उद्योग सर्रास करतात. छेडायला छान, गजाला रद्दी: राळ धरत नाही, गज घसरतो. आठवडाभर ताणत राहतं ते वेगळंच. पण हाताला ताण कसा लागतो, तारांची उंची किती हवी, नटच्या खाचा पुरतात का, हे सगळं दोन-तीनशे रुपयांत कळतं.

टेनिस रॅकेटच्या तातीचा प्रयोग मात्र करू नका. ती १.३ मि.मी. असते. जी ला लावली तर ७ किलो ताण. लोंबते.

---

वेंगुर्ला_खर्ज:

सगळ्यांचे आभार. आरशाने बघितलं: बेसबार दोन्ही टोकांना चिकटलेला आहे, चीर नाही. लावणी ए-डी-जी ठरवली. आता एवढंच: ए साधी ३.७ घ्यावी की तांब्याची तार गुंडाळलेली? आणि @गजकर, बसवण्याच्या पायऱ्या?

---

गजकर:

ए चं आधी. गुंडाळलेली घेतली तर आतला तातीचा गाभा २.४ मि.मी. आणि वर सुमारे ०.१७ मि.मी.ची तांब्याची तार, म्हणजे एकूण २.७ च्या आसपास जाडी, आणि वजन ३.९ च्या साध्या तातीएवढं. बारीक असल्याने ती वाकते, स्वर स्पष्ट येतो, गज लागताच बोलते. तोटे दोन. जानेवारीत हवा कोरडी झाली की गाभा आकसतो, वेढे सैल होतात आणि तार झणझणते. त्यावर इलाज नाही, हवा दमट व्हायची वाट बघायची. दुसरं, समुद्राच्या हवेने तांबं काळवंडतं, हिरवं पडतं. चांदीचा मुलामा असलेली थोडी जास्त टिकते. गजाने वाजवणार असाल तर गुंडाळलेली, मुख्यतः छेडणार असाल तर साधी ३.७. दोन साध्या आणि एक गुंडाळलेली ही जोडी मला कानाला सगळ्यात पटते, पण यात मतभेद आहेत.

आता बसवणं.

तारा एकदम काढू नका. ताण गेला की साउंडपोस्ट (आत नुसती दाबाने उभी असलेली लाकडी काठी) पडतो आणि मग एफ-भोकातून तो उभा करणं म्हणजे दुपार गेली. एक काढा, एक लावा. वाद्य पाठीवर, खाली जाड गोधडी.

नट: स्टीलसाठी कापलेल्या खाचा अरुंद असतात, तात त्यात बसत नाही, चिमटते. गोल कानशीने खाच तारेपेक्षा अगदी किंचित रुंद करा. खोली तारेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, त्याहून नाही. खाच दोन्ही बाजूंना उताराने गोलवा, धार राहता कामा नये. धार राहिली तर तात तिथेच कापली जाणार, आधी लिहिलं तसं. शेवटी खाचेत शिसपेन्सिल घासा. घोडीवरही हेच.

टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) आणि खुंट्या: जाड तारेला भोक ४.५ मि.मी. लागतं. मोठं करायचं तर हाताच्या ड्रिलने, आणि कड पॉलिश पेपरने मोडून घ्या. तातीच्या टोकाला साधी गाठ, गाठीपुढे १ सें.मी. शेपूट सोडून टोक मेणबत्तीवर जाळा म्हणजे त्याची गुठळी होते आणि पीळ सुटत नाही. बारीक जी ला गाठीखाली चामड्याची छोटी चकती घाला, नाहीतर गाठ भोकातून ओढली जाते. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत. जास्त वेढे म्हणजे जास्त ताणणारी लांबी आणि रोज उतरणारा स्वर.

उंची: स्टीलच्या उंचीवर तात फिंगरबोर्डला आपटते, कारण कमी ताणामुळे तिचा झोका मोठा. फिंगरबोर्डच्या घोडीकडच्या टोकाला जी खाली ८ मि.मी., डी १०, ए १२. सध्याची घोडी बुटकी असेल तर नवी करा. पायाखाली पाचर मारून उंच केलेली घोडी आवाज खाते.

चढवणं: पहिल्या दिवशी हव्या स्वरापेक्षा एक मध्यम खाली लावा (ताण निम्म्याहून थोडा जास्त होतो) आणि तसंच ठेवा. पुढचे दोन दिवस एक पूर्ण स्वर खाली. मग जागेवर. तबली दबलेली असल्याने ही घाई करू नकाच. प्रत्येक वेळी घोडी तपासा: तारा ताणताना घोडीचं डोकं फिंगरबोर्डकडे ओढलं जातं. टेलपीसकडची बाजू तबलीशी काटकोनात हवी. दोन्ही हातांनी डोकं धरून हळूच मागे आणा. हे विसरलं की एखाद्या रात्री घोडी कोसळते आणि टेलपीस तबलीवर आपटतो. जी दोन-चार दिवसांत स्थिरावते, साध्या जाड ए ला दोन आठवडेही लागतात.

तात नीट आहे का हे बसवण्याआधीच बघा. कॅलिपरने दर २० सें.मी.वर मोजा. २.२ च्या तातीत ०.०५ मि.मी.हून जास्त फरक असेल तर ती बेसूर निघण्याची शक्यता दाट. बसवल्यावरची परीक्षा: बरोबर मध्यावर (५२ सें.मी.) बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर. उंच घोडीमुळे दाबलेला किंचित चढा येतोच, पण स्पष्ट वेगळा आला तर तात उलटी करून बसवा, टेलपीसचं टोक खुंटीला. बऱ्याचदा तेवढ्याने सुधारते. नाही सुधारली तर परत पाठवा.

गज आणि राळ: स्टीलवरचा दाब तातीवर चालत नाही. तेवढ्या दाबाने स्वर गुदमरतो, नुसती खरखर उरते. दाब कमी, गज थोडा लांब, आणि घोडीपासून जरा दूर. बेसची मऊ राळ आपल्या मे महिन्यात डबीत पसरते आणि तातीवर चिकट थर चढवते. एक पायरी कडक घ्या, चेलोची सुद्धा चालते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. स्पिरिट नको: तात कोरडी पडते, आणि एक थेंब तबलीवर पडला तर जुनं वार्निश विरघळतं.

---

पंचमभाव:

स्वर ४४० ला (म्हणजे मधला ए ४४० हर्ट्झ धरून) लावायचाच असं बंधन नसेल तर एक सूचना. फ्रान्सने १८५९ मध्ये ठरवलेला ४३५ तुमच्या वाद्याच्या काळाशी जास्त जुळेल. ताण फक्त दोन टक्क्यांनी उतरतो. तबलीसाठी खरंच आराम हवा असेल तर अर्धा स्वर खाली, ४१५. तिथे ११ टक्के उतरतो. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर अर्थात पेटीचं ऐकावं लागणार.

---

वेंगुर्ला_खर्ज:

ठरलं. जी २.२ आणि डी २.९, दोन्ही साध्या वार्निशच्या. ए गुंडाळलेली, चांदीच्या मुलाम्याची. आधी ग्रासकटरच्या लाइनवर नट आणि घोडीची उंची तपासून घेतो. तारेची एकूण लांबी किती सांगू?

---

गजकर:

टेलपीसच्या भोकापासून सगळ्यात लांबच्या खुंटीपर्यंत दोरी धरून मोजा, त्यात वेढ्यांसाठी आणि गाठीसाठी २५ सें.मी. धरा. साधारण २ मीटरच्या आत-बाहेर येईल. ए गुंडाळलेली आहे, तेव्हा तिच्यासाठी नट ते घोडी १०४ हा आकडा वेगळा कळवा. गुंडाळलेली तार नंतर मधेच कापली की वेढे सुटत जातात. कापायचीच वेळ आली तर आधी कापायच्या जागेच्या अलीकडे दोरा घट्ट बांधून त्यावर सरसाचा थेंब सोडा.

---

सारंगीची_तात:

पार्सल पावसात आलं तर उघडून लगेच चढवू नका. वेटोळं सोडून दोन दिवस त्याच खोलीत खुंटीला लोंबकळत ठेवा, उंदराच्या वाटेपासून लांब. तिथली ओल पिऊन झाली की मग लावा. नाहीतर पहिला आठवडा तात ताणतेय की फुगतेय हेच कळत नाही.